सत्तावीस पायऱ्यांची विहीर

मी मूळची पिंपळगाव राजाची, म्हणजे घाटाखालची. मॅट्रिक झाल्यावर पुढं शिकायचं म्हणून मामाकडे घाटावर आले. मामा देऊळगाव राजाच्या अलीकडच्या एका गावात पोस्टमास्तर होता आणि त्या गावाबाहेरच्या माळावर नुकतंच कॉलेज निघालं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन पुरती दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा. इमारतीला गिलावा नव्हता, वसतिगृहात वीज नव्हती. सायन्सच्या वर्गात आम्ही मुली दोघी. त्यातली दुसरी दिवाळीनंतर लग्न होऊन गेली, मग मी एकटीच राहिले.

वसतिगृहाला पाणी गावातून यायचं. बैलगाडीवर पिंप ठेवून एक माणूस दिवसातून दोन खेपा करायचा. आणि गंमत अशी की कॉलेजच्या मागे, पन्नास पावलांवर, दगडी पायऱ्यांची भरलेली विहीर होती. तिच्यावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या असायच्या. त्या पाण्याचं नाव वाईट आहे, एवढंच सगळे सांगत. काय वाईट, ते कोणी सांगत नसे. माळावर चरणारी गुरंसुद्धा तिच्याजवळून जाताना वळसा घालून जात. ते मी स्वतः पाहिलं आहे, पण गुरांना तशी सवय गुराख्यांनीच लावली असेल.

फिजिक्सच्या डेमॉन्स्ट्रेटरना विहिरीच्या नावाशी देणंघेणं नव्हतं. ते तिशीचे, काटक, सदान्‌कदा खिशात पेचकस बाळगणारे. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी एक चित्र पाहिलं होतं. तेलाची पिंपं उभी चिरायची, अर्धी अर्धी समोरासमोर पण थोडी सरकवून एका उभ्या दांड्याला जोडायची. वारा कुठूनही येवो, दांडा फिरतो. खाली दांड्याला पंप जोडला की पाणी वर येतं. तेल लागत नाही, वीज लागत नाही.

"वारा फुकट आहे," ते म्हणाले, "आणि आपल्या माळावर दुसरं आहेच काय?"

आम्ही सात जण तयार झालो. मुलांनी आलेख कागदावर नकाशा काढला. माझं अक्षर चांगलं म्हणून अंदाजपत्रक मी लिहिलं. ते घेऊन आम्ही प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं नीट वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे. विहीर दुसरी बघा."

"दुसरी विहीर नाही, सर," डेमॉन्स्ट्रेटर म्हणाले.

साहेबांनी चष्मा पुन्हा लावून बेरीज तपासली. मग म्हणाले, "निम्मा खर्च तुम्ही उभा करा. उरलेला मी संस्थेकडून मिळवतो." आम्हाला ते जमणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

आम्ही पुढचे दोन महिने शनिवार-रविवार गावं पालथी घातली. जिनिंगवाल्यानं तीन रिकामी पिंपं दिली. एका शेतकऱ्यानं सागाच्या बल्ल्या दिल्या. एका मुलाचे वडील लोहार होते, त्यांनी लोखंडकाम फुकट करून देतो म्हणून सांगितलं. पण पंप आणि नळ विकतच आणावे लागणार होते आणि रोख पैसे कोणी देत नव्हतं. कोणत्या विहिरीवर बसवणार, हा प्रश्न यायचाच. आम्ही सांगितलं की समोरचा माणूस हात आखडता घ्यायचा.

पौष महिन्यात एका दुपारी मी पोस्टात मामाला डबा द्यायला गेले. तिथं सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई बसल्या होत्या. त्यांना गावात सगळे ओळखत. बत्तीस वर्षांच्या असतील, सडसडीत, एकट्या राहणाऱ्या. त्या जवळच्याच वस्तीतल्या, बौद्ध कुटुंबातल्या, आणि त्या वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेल्या पहिल्याच. मला पाहून त्या उठल्या.

"ते वाऱ्याचं यंत्र बनवून राह्यले ते तुमीच का?"

"हो."

"कोन्या हिरीवर?"

आता यांचाही चेहरा बदलणार असं वाटून मी हळूच म्हणाले, "कॉलेजमागच्या."

चेहरा बदलला नाही. त्यांनी पिशवीतून बचतीचं पुस्तक काढलं. "किती कमी पडतात?"

मी आकडा सांगितला. त्यांनी तेवढाच आकडा अर्जावर लिहून पुस्तक खिडकीतून आत सरकवलं. मामानं दोनदा विचारलं, "बाई, नक्की ना?" त्या हो म्हणून मान हलवत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"दोन गोष्टी हायेत. पानी तळापर्यंत उपसायचं. मधात थांबायचं नाही. अन् रोज किती खाली गेलं ते मले सांगायचं."

मला वाटलं, शिकलेल्या बाई आहेत, प्रयोगाची आवड असेल. मी आनंदानं हो म्हटलं.

माघात यंत्र उभं राहिलं. बल्ल्यांचा मनोरा आणि त्यावर चिरलेली पिंपं, काळं डांबर फासलेली. लांबून, उन्हाच्या झळांमध्ये, ते यंत्र दिसायचं नाही. एक उंच माणूस जागच्या जागी सावकाश वळतोय, वळून तुमच्याकडे बघतोय आणि पुन्हा पाठ फिरवतोय, असं दिसायचं. पाणी आणणाऱ्या गाडीवानाचे बैल पहिल्या दिवशी बुजले आणि गाडी नाल्यात गेली.

पहिलं पाणी आलं ते काळं, सडक्या पाल्याच्या वासाचं. त्याबरोबर एक बेडूक आला, पांढुरका, कागदासारखा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. विहिरीच्या तोंडाशी उभं राहिलं की पंपाचा आवाज यायचा. कुणीतरी तोंड लावून पाणी पितंय, थांबतंय, श्वास घेतंय आणि पुन्हा पितंय, तसा. ते पाणी आम्ही नुसतं माळावर लावलेल्या रोपांना सोडत होतो. वसतिगृहातला एकही मुलगा त्यानं हातसुद्धा धूत नव्हता.

मनोऱ्यावर चढून वंगण घालायचं काम मुलांचं, पाणी मोजायचं माझं. रोज दुपारची सुट्टी झाली की मी वही घेऊन जायची. आदल्या दिवशी बुडालेली पायरी उघडी पडली का ते बघायचं. दोन-तीन दिवसांनी एक पायरी वर यायची, हिरवी, बुळबुळीत. नर्सबाई त्याच वेळी दवाखान्यातून यायच्या, काळी छत्री मिटून कठड्यावर बसायच्या. मी म्हणायची, "आज सातवी दिसली." त्या म्हणायच्या, "सात." दुसरं काही बोलत नसत. कधी पायरी उघडी पडली नाही तर त्या म्हणायच्या, "थांबली."

पाणी थांबलं असं नाही, थांबली. मला वाटलं, विहीर थांबली असं म्हणत असतील.

एकदा फाल्गुनात वारा पूर्ण पडला होता. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं, झेंडा काठीला चिकटून होता. आणि यंत्र फिरत होतं. सावकाश, पण फिरत होतं, आणि खाली पाणी प्यायल्याचा तो आवाज येत होता. मी धावत डेमॉन्स्ट्रेटरांकडे गेले. ते म्हणाले, "वीस फुटांवर हवा असते. झाडाला कळत नाही, पिंपाला कळते." मी परत आले तेव्हा नर्सबाई यंत्राकडे बघत नव्हत्या. त्या खाली पाण्याकडे बघत होत्या.

"तिले घाई हाय," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी बारावी पायरी उघडी पडली होती.

हा सगळा माळ पूर्वी एका बड्या शेतकऱ्याचा मळा होता. नर्सबाईंची थोरली बहीण तिथं तण निंदायला यायची. बहीण वीस वर्षांची, या अकरा-बारा. तेव्हा आपला जिल्हा नागपूरकडे होता, आणि यांच्या समाजानं बुद्धाचा धर्म घ्यायला अजून काही वर्षं होती. मजुरांमधल्या यांच्या लोकांना विहिरीच्या पायरीवर पाय ठेवायची मनाई होती. पाणी वरून ओंजळीत वाढलं जायचं. एका दुपारी या बहिणीची भाकर घेऊन आल्या तर बहीण शेतात नव्हती. विहिरीच्या पहिल्या पायरीवर तिचा विळा होता आणि डोक्याचं फडकं होतं, घडी घातलेलं.

"जिले पायरी शिवायची सोय नाही, तिचा इळा पायरीवर. मंग मी काय समजू?" नर्सबाई म्हणाल्या. "मी बोंबलत घरी गेली. बापानं तोंड दाबलं माझं. म्हने, ती मेली, आजपासून तिचं नाव काढायचं नाही. मंग दुसऱ्या दिवसापासून त्या हिरीचं पानी कोनीच पेलं नाही. पन तिले शोधाले गळ कोनी टाकला नाही. एकानंही नाही."

"मग वीस वर्षं तुम्ही..."

"नर्स झाली मी. लोकाइच्या लेकरायले जन्माले घातलं. अन् ती येथं पान्यात."

त्या दिवसापासून पायरी मोजणं मला जड झालं. मी वाकले की पाण्यात माझाच चेहरा दिसायचा, पण मला तो माझा वाटायचा नाही. मामीला सांगितलं तर तिनं माझं जाणंच बंद केलं असतं, म्हणून मी सांगितलं नाही. डेमॉन्स्ट्रेटरांना सांगितलं. त्यांनी माझी वही घेऊन बारा पायऱ्यांच्या नोंदी चाळल्या. मग म्हणाले, "बाईंना शब्द दिला आहे. उपसायचं."

चैत्र गेला. परीक्षा झाल्या, मुलं गावी गेली, मी वहीसाठी राहिले. आता झरे मंदावले होते आणि पायऱ्या भराभर उघड्या पडत होत्या. वीस. तेवीस. वैशाखात सव्विसावी. सत्ताविसावी पायरी ही शेवटची, तिच्याखाली गाळ.

गाळ काढायला दोन माणसं लावली. उरलंसुरलं पाणी त्यांनी बादल्यांनी काढलं. मग टोपल्या वर येऊ लागल्या. नर्सबाईंनी प्रत्येक टोपली जमिनीवर पालथी करून घेतली. पदर खोचून, गुडघे टेकून, दोन्ही हातांनी त्या तो काळा गाळ चाळत होत्या. बाळंतिणीपाशी बसल्यासारखे त्यांचे हात चालत होते, न घाबरता, न थांबता. मी शेजारी उभी राहून वर आलेल्या टोपल्या मोजत होते. फुटक्या घागरी आल्या. एक लोखंडी कप्पी आली. बैलाच्या गळ्यातली घंटा आली. सूर्य कलताना खालून हाक आली, "बाई, खडक लागला!"

खाली काही नव्हतं.

मला वाटलं, त्या रडतील किंवा हसतील. त्या काळ्या हातांनी तशाच बसून राहिल्या. मग माझ्याकडे बघून एखाद्या लहान मुलीनं विचारावं तसं विचारलं, "मंग ती कुठं गेली?"

इतक्या घाबरलेल्या मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं येणं बंद झालं. विहिरीत झऱ्यांचं स्वच्छ पाणी गुडघाभर साठलं. ही गोष्ट मात्र बाजारातून, एसटीतून, लांबवर गेली. कॉलेजच्या पोरांनी विहीर उपसली, आत बाई सापडली, असं कोणी सांगायचं, कोणी सांगायचं की सापडली नाही.

पंधरा-वीस दिवस गेले. मी शेवटच्या नोंदी घ्यायला एका दुपारी गेले. वारा नव्हता, यंत्र थांबलेलं होतं. माळावर चिटपाखरू नव्हतं. मी कठड्यावरून वाकले.

विहिरीच्या तळाशी एक बाई उभी होती.

पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत होतं. ती ओंजळीनं पाणी पीत होती. तिनं वर पाहिलं. चेहरा नर्सबाईंचाच होता, पण त्यावरून बरीच वर्षं गेलेली. केस पांढरे, गाल बसलेले. ती एकेक पायरी चढून वर येऊ लागली, आणि मी, देवाशपथ सांगते, मनात पायऱ्या मोजत होते. दहा चढून झाल्यावर ती दम घ्यायला थांबली. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "पोरी, भेऊ नको. मी जालन्याहून आली. येथं कोन्या बाईले शोधून राह्यले म्हने, ते मीच."

मी कठड्याला टेकून खाली बसले. ती वर येऊन माझ्या शेजारी बसली. तिच्या अंगाला विड्या वळायच्या तंबाखूचा वास येत होता, जिवंत माणसाचा वास. त्या वासानं मला रडू आलं.

तिनं सगळं सांगितलं. बापानं तिचं लग्न एका म्हाताऱ्या बिजवराशी ठरवलं होतं. रस्त्याच्या कामावर जालन्याकडचा एक तरुण होता. त्याच्याबरोबर जायचं ठरलं. जालना तेव्हा दुसऱ्या राज्यात, गेलं की गेलं. त्या दुपारी शेतातून निघताना तिच्या मनात आलं, या विहिरीचं पाणी इतकी वर्षं वरून वाढलेलं प्यायलो. आता परत यायचं नाही. तिनं विळा ठेवला, फडकं घडी करून ठेवलं, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली आणि स्वतःच्या हातानं पोटभर पाणी प्याली. तोंड धुतलं. आणि त्याच पायऱ्यांनी वर येऊन, मळ्याच्या दुसऱ्या बाजूनं देऊळगावच्या रस्त्याला लागली.

"इळा घ्याले इसरली नव्हती मी," ती म्हणाली. "मुद्दाम ठेवला. कोनी शिवलं या पान्याले, ते समजू दे म्हटलं."

"घरी कळवलं नाही?"

"दोन चिठ्ठ्या टाकल्या. बापानं फाडल्या असतील."

मी तिला नर्सबाईंच्या क्वार्टरवर घेऊन गेले. रस्त्यात मी जवळजवळ पळत होते. दार उघडलं. दोघी बहिणी उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहिल्या. थोरलीनं हात पुढं केला.

नर्सबाई मागे सरकल्या. "कोन पायजे?"

"मी हाय गं, जालन्याहून आली. वळखलं नाही?"

नर्सबाईंनी तिला नीट पाहिलं, रोग्याला पाहतात तसं. मग मला म्हणाल्या, "ही बाई कोन हाय, मले माहीत नाही. माझी बहीन वीस वर्सांची हाय." आणि दार लावून घेतलं.

ते वाक्य ऐकल्यावर अंगावर आलेला काटा विहिरीतल्या बाईला पाहून आलेल्या काट्याहून मोठा होता.

थोरली रडली नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. जाताना मला पत्ता लिहून दिला, म्हणाली, "तिले सांगजो नको. पत्ता ठेवून दे फक्त."

पुढच्या वर्षी वसतिगृहातली मुलं ते पाणी पिऊ लागली. पहिला तांब्या डेमॉन्स्ट्रेटरांनी सगळ्यांसमोर प्यायला, दुसरा मी. प्रिन्सिपॉलसाहेबांनी गाडीवानाला शिपायाची नोकरी दिली. यंत्र तीन पावसाळे चाललं. मग एका वादळात मनोरा कलला, आणि तोवर वीज आली होती.

नर्सबाईंना मी पत्ता दिला नव्हता. थोरली येऊन गेल्यावर जी दिवाळी आली, तिच्यानंतर त्या स्वतःच मामाच्या पोस्टात आल्या आणि माझ्यासाठी थांबल्या. "ती बाई," त्या म्हणाल्या, "जालन्यात कुठं राह्यते?"

आम्ही दोघी एसटीनं गेलो. जालन्याच्या एका गल्लीत पत्र्याचं घर होतं, ओट्यावर सुपात विड्या वळायची पानं पसरलेली. आम्ही हाक मारायच्या आधी आतून एक मुलगी बाहेर आली, एकोणीस-वीस वर्षांची, ओले केस पाठीवर सोडलेली. कोण आलंय ते बघायला तिनं डोळ्यांवर हात धरला.

नर्सबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. त्यांनी एक नाव घेतलं, घरातलं, लाडाचं. मी ते त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आणि धावत जाऊन त्या मुलीला मिठी मारली. मुलगी गोंधळली, पण तिनं सोडवून घेतलं नाही. नर्सबाई तिचा चेहरा चाचपत होत्या, कपाळ, कान, हनुवटी, आणि मोठमोठ्यानं रडत होत्या. "कुठं होती गं? कुठं होती इतके दिवस?"

थोरली दारात येऊन उभी राहिली होती. हात पिठाचे होते. ती आपल्या लेकीकडे आणि बहिणीकडे बघत राहिली. मी पुढं होऊन काही सांगायला गेले तर तिनं मान हलवून मला थांबवलं.

"राहू दे," ती हळू म्हणाली. "तिची तिले भेटली."

मग ती आत गेली, आणि थोड्या वेळानं स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. चहा चार कप झाला.